चुना, दगड, लांकूड आणि कौलें : एकोणिसाव्या शतकांतील भाव

या उत्सवाच्या तयारीकरितां जी पहिली सभा भरली, तींत एक वयोवृद्ध गृहस्थ उभे राहून म्हणाले, "फादर, आमच्या पणज्यांनीं देऊळ उभें केलें तें चार-दोन हजारांत, आणि आज नुसत्या गिलाव्याला लाखांचें अंदाजपत्रक!" सभेंत हंशा पिकला व विषय तेथेंच राहिला. आम्हीही हंसलों; परंतु घरीं आल्यावर तें वाक्य मनांतून जाईना. त्या काळीं इमारतीचें सामान खरोखरच स्वस्त होतें काय? आणि स्वस्त होतें तर कोणास? या प्रश्नाच्या मागें लागून जें कांहीं हातीं आलें, तें या स्मरणिकेच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

आधीं एक अडचण सांगितली पाहिजे. घाऊक भावांचा इतिहास लिहिणें अमेरिकेंत सोपें आहे. तेथील सेनेटच्या एका समितीनें इ. स. १८९३ मध्यें एक अहवाल प्रसिद्ध केला, तो आल्ड्रिच अहवाल या नांवानें ओळखला जातो. त्यांत १८४० पासून १८९१ पर्यंतचे घाऊक भाव असून १८६० सालचा भाव शंभर धरून पुढचे-मागचे आंकडे काढले आहेत, आणि लांकूड व इमारतीचें सामान यांचा वर्गच निराळा केलेला आहे. आमच्या देशांत सरकारी सूचक अंकांची मालिका १८६१ पासून मिळते; पण तींत जिनसा ३९, त्यांपैकीं २८ निर्यातीच्या व ११ आयातीच्या. जो माल बंदरांतून बाहेर जात नाहीं किंवा आंत येत नाहीं, त्याची तेथें दाद नाहीं. दगड, चुना, रेती हीं सारीं गांवचीं. तीं कोणत्या सूचक अंकांत बसावीं? म्हणून आमच्या उत्तर कोंकणांतील भावांचा विचार आंकड्यांपेक्षां कारणांच्या वाटेनें करावा लागतो.

दगडापासून आरंभ करूं. काळा दगड आमच्या डोंगरांत फुकट पडलेला आहे. पिवळसर दगड कुर्ल्याच्या व मालाडच्या खाणींत निघे. तेव्हां दगडाची किंमत म्हणजे पाथरवटाची मजुरी आणि वाहतूक, आणि त्यांतही वाहतूक मोठी. खाडीच्या कांठीं असलेल्या गांवास पडाव भरून दगड आणणें परवडे; आंत दोन कोसांवर असलेल्या गांवास तोच दगड बैलगाडीनें महाग पडे. पोरबंदरचा मऊ दगड समुद्रानें येई म्हणून मुंबईच्या शिल्पकारांस तो साधला. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें ही २१ मैलांची आगगाडी सुरू झाली. १८६४ मध्यें वसईच्या खाडीवर पूल होऊन गुजराथेकडील लोहमार्ग मुंबईशीं जोडला गेला. स्टेशनाजवळच्या गांवांस याचा लाभ झाला. पण तोच लाभ मुंबईच्या मक्तेदारांसही झाला, आणि आमच्याकडील दगड, रेती व माणसें यांस शहराचें गिऱ्हाईक लागलें. रस्ता सुधारला म्हणजे भाव उतरतातच असें नाहीं. कित्येक वेळां गांवचा माल शहराच्या भावानें विकूं लागतो.

चुन्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची. सिमेंटाचें नांव आज मुलांच्या तोंडीं आहे. परंतु जोसेफ ॲस्पडिन यानें पोर्टलंड सिमेंटाचा हक्क इंग्लंडांत १८२४ सालीं घेतला असला तरी आमच्या देशांत त्याचें नियमित उत्पादन पोरबंदर येथें १९१४ मध्यें सुरू झालें. त्यापूर्वीं तें विलायतेहून पिपांत भरून येई आणि बंदरांच्या व पुलांच्या कामीं लागे. आमचीं देवळें, वाडे, विहिरी हें सारें चुन्यावर उभें आहे. किनाऱ्यावर शिंपल्या भाजून, आंतल्या बाजूस चुनखडी भाजून कळीचा चुना करीत. मुंबईंतील चुनाभट्टी हें नांव त्या भट्ट्यांचेंच स्मारक आहे. मग तो चुना भिजवावयाचा, रेतीबरोबर बैलांच्या घाणींत मळावयाचा, आणि चांगल्या कामीं त्यांत गूळ व बेलफळाचा गर घालावयाचा. आतां लक्षांत घेण्याची गोष्ट ही कीं, शिंपली समुद्र देतो, पण ती भाजावयास सरपण लागतें. म्हणून चुन्याचा भाव सरपणाच्या भावास बांधलेला असतो. जंगल महाग झालें कीं भिंतही महाग होते.

आणि जंगल महाग झालेंच. मुंबईच्या गोदींत सागाचीं जहाजें बांधलीं जात. त्या सागाच्या काळजीनें मुंबई सरकारनें १८४७ मध्यें डॉ. गिब्सन यांस जंगलांचे कॉन्झर्व्हेटर नेमिलें. पुढें आगगाडी आली. एका मैलास सतराशें ते दोन हजार स्लीपर लागतात, आणि ते कुजले म्हणजे पुन्हां नवे. १८६४ मध्यें हिंदुस्थान सरकारचें जंगल खातें निघालें. १८६५ व १८७८ मध्यें जंगलाचे कायदे झाले. ज्या रानांतून खेडुतानें पूर्वीं वहिवाटीनें वांसे व सरपण आणलें, त्याच रानाच्या तोंडाशीं आतां नाका व पावती आली. मोठ्या तुळयांकरितां मौलमीनचा, म्हणजे ब्रह्मदेशांतील, साग गलबतांनीं मुंबईच्या वखारींत येऊं लागला. तो पैशानेंच घ्यावा लागे. आमच्या मतें त्या शतकांतील मोठी महागाई ती हीच : जें पूर्वीं हातानें मिळे तें आतां रुपयानें मिळूं लागलें. ती सूचक अंकांत दिसत नाहीं.

यानंतर कापसाचीं वर्षें. १८६१ ते १८६५ अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें. तेथील कापूस बंद झाला आणि आमच्याकडील कापसाचा भाव लिव्हरपूलच्या बाजारांत सुमारें चौपट झाला. मुंबईंत पैशाचा पूर आला. सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दींत किल्ल्याचा तट पाडण्यास आरंभ झाला, समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि १८६४ च्या खानेसुमारींत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. १८४९ मध्यें ती ५,६६,११९ होती. एवढ्या माणसांस घरें हवीं, एवढ्या कंपन्यांस कचेऱ्या हव्या. गवंडी, सुतार, गाडीवान यांची मजुरी वाढली. दगड, चुना, लांकूड सारेंच चढलें. ज्या खेड्यानें त्याच वर्षांत देऊळ बांधावयास घेतलें असेल, त्याची काय तारांबळ उडाली असेल याची कल्पना करावी : गांवचे गवंडी मुंबईस गेलेले, आणि राहिलेले मुंबईचा भाव मागत आहेत.

युद्ध संपलें आणि १८६५ च्या जुलैंत फुगा फुटला. १८७२ च्या खानेसुमारींत शहर ६,४४,४०५ वर आलें. याच उतरत्या काळांत मुंबईच्या मोठमोठ्या सरकारी इमारती झाल्या. हायकोर्टाचें काम एप्रिल १८७१ मध्यें सुरू होऊन नोव्हेंबर १८७८ मध्यें पुरें झालें. मंजूर अंदाज १६,४७,१९६ रुपयांचा, खर्च झाला १६,४४,५२८ रुपये. म्हणजे २,६६८ रुपये वांचले! अंदाजाच्या आंत पुरी झालेली इमारत आमच्या अल्प अनुभवांत तरी आम्हीं पाहिलेली नाहीं. कर्नल फुलर यांच्या दक्षतेस मान दिलाच पाहिजे. तथापि ज्या वर्षांत बाजार थंड होता व कारागीर काम शोधीत होते, त्या वर्षांचाही त्यांत वांटा असावा. प्रेमचंद रायचंद यांनीं १८६४ मध्यें, तेजीच्या ऐन भरांत, विद्यापीठास ग्रंथालयाकरितां दोन लाख व मनोऱ्याकरितां दोन लाख दिले. बांधकाम मात्र १८६९ ते १८७८ या काळांत झालें व ग्रंथालयासह खर्च सुमारें साडेपांच लाख आला. तेजींत घेतलेल्या देणग्या मंदींत खर्च करणें हा इमारत बांधणाऱ्याचा मोठा योग होय. तो प्रत्येकाच्या नशिबीं नसतो.

आतां विलायती मालाकडे वळूं. इंग्लंडांत १७८४ पासून विटेवर कर होता. आरंभीं हजारीं अडीच शिलिंग, १८०३ मध्यें पांच शिलिंग. कर विटेच्या संख्येवर म्हणून कारखानदारांनीं विटा मोठ्या केल्या, तेव्हां सरकारनें मोठ्या विटांवर दुप्पट कर बसविला. तो कर १८५० मध्यें उठला. कांचेवरील जकात त्यापूर्वींच, १८४५ मध्यें, उठली होती. आणि १८५१ मध्यें लंडनच्या प्रदर्शनाकरितां जवळजवळ तीन लाख तावदानांचें कांचगृह उभें राहिलें. या कराचा आमच्या खिडकीशीं संबंध आहे. गोव्यांतील व आमच्या किनाऱ्यावरील जुन्या घरांत व देवळांत पातळ शिंपल्यांचीं तावदानें असत. त्यांतून चांदण्यासारखा उजेड येई. कांच स्वस्त झाल्यावर तीं मागें पडलीं. उजेड वाढला हें खरें. परंतु तो जुना मंद उजेड ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस त्याची आठवण होतेच.

इंग्लंडांतील भाव १८७३ नंतर वीस-बावीस वर्षें सारखे उतरत गेले. ऑगस्टस सौरबेक नांवाच्या लंडनच्या लोंकर-व्यापाऱ्यानें ४५ जिनसांच्या घाऊक भावांचा जो सूचक अंक तयार केला, त्यांत १८७३ चा अंक १११ व १८९४ चा ६३ आहे. कोणासही वाटेल कीं, विलायती लोखंड, पत्रे, कांच, सिमेंट हीं आमच्याकडेही तितकींच उतरलीं असतील. परंतु मध्यें रुपया आडवा आला. रुपया चांदीचा, पौंड सोन्याचा. जर्मनीनें चांदी सोडून सोनें धरलें, अमेरिकेंतील खाणींनीं चांदीचा पूर आणिला, आणि चांदी घसरली. १८७३ च्या सुमारास रुपयास साडेबावीस पेन्स मिळत. १८९४-९५ मध्यें तेरा पेन्सांवर थोडेसेंच. हिशेब करून पाहा : १८७३ मध्यें शंभर पौंडांचा जो माल तो सुमारें १,०६७ रुपयांस पडे. तोच माल १८९४ मध्यें सौरबेकच्या प्रमाणानें सत्तावन्न पौंडांस आला. पण पौंडास अठरा रुपयांहून अधिक मोजावयाचे, म्हणजे सुमारें १,०४० रुपये झाले. इंग्लंडांत वस्तु जवळजवळ निम्म्यावर आली, आणि आमच्या चर्चच्या पेटींतून मात्र पूर्वीइतकेच रुपये गेले! यांत कोणा व्यापाऱ्याची लबाडी नव्हती. तरी ज्या धर्मगुरूंस त्या काळीं लोकांपुढें हिशेब वाचावा लागला, त्यांनीं हें कसें समजावून सांगितलें असेल? सुएझचा कालवा १८६९ मध्यें उघडला व नूर उतरला, एवढाच कांहीं दिलासा. पुढें १८९३ मध्यें चांदीची खुली टांकसाळ बंद झाली, आणि शतक संपतां संपतां रुपया सोळा पेन्सांवर, म्हणजे पौंडास पंधरा रुपये या भावावर, स्थिर झाला.

आतां त्या वृद्ध गृहस्थांच्या चार-दोन हजारांकडे येऊं. ज्या रकमा जुन्या वह्यांत दिसतात त्या रोख दिलेल्या रकमा होत. आमच्या धर्मग्रामांतील जुनीं माणसें सांगत कीं, गाडी ज्याची त्याची, बैल ज्याचे त्याचे. रविवारीं मिस्सेनंतर बायका खाडीवरून रेतीच्या पाट्या आणीत, आणि ज्याच्या वाडींत ताड पडला त्यानें तो देवळास दिला. वर सांगितलेंच आहे कीं दगडाची किंमत म्हणजे मुख्यतः वाहतूक. ती वाहतूक ज्यांनीं पाठीवर केली, त्यांचा खर्च वहींत कोठें लिहिला जाणार? तेव्हां चार-दोन हजार हा देवळाचा खर्च नव्हे. तें देऊळ बांधतांना जें विकत घ्यावेंच लागलें त्याचें बिल होय. आम्हीं हें त्या गृहस्थांस सांगितलें. ते थोडा वेळ थांबून म्हणाले, "आमची आजी पाट्या वाहत होती खरी."

राहिलीं कौलें. पूर्वीं छपरें नळीच्या कौलांचीं. तीं गांवचा कुंभार करी. स्वस्त खरीं, पण दुहेरी थरामुळें जड, आणि दरसाल पावसाळ्यापूर्वीं छप्पर शाकारावें लागे. वानरें नाचलीं म्हणजे मध्येंच दुसरा खर्च. एकमेकांत अडकणारें कौल आल्सास प्रांतांतील गिलार्दोनी बंधूंनीं १८४१ मध्यें काढलें. मंगळुरास नेत्रावती नदीच्या कांठीं चांगली माती पाहून बासेल मिशनच्या प्लेब्स्ट यांनीं १८६५ मध्यें तसल्या कौलांचा कारखाना घातला. पुढें तेथील कॅथलिक घराण्यांनींही आपले कारखाने काढले. हीं कौलें फतेमारींत भरून कोंकणच्या बंदराबंदरांस जात. हजारीं भाव नळीच्या कौलांहून अधिक. परंतु छप्पर हलकें झाल्यानें वांसे कमी लागत, आणि लांकूड महाग झालेल्या त्या दिवसांत हीच मोठी बचत होती. शाकारणीही वांचे. प्रथम महाग वाटणारा माल अखेरीस स्वस्त पडतो याचें हें एक उदाहरण, आणि तें आमच्या डोक्यावरच आहे.

त्याच डोक्यावरील छपराची एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करितों. दुरुस्ती चालू असतां एका उत्साही तरुणानें एक कौल खालीं आणून दाखविलें. त्यावर इंग्रजी अक्षरांत 'कॉमनवेल्थ ट्रस्ट' हें नांव व १८६५ हा आंकडा. "फादर, छप्पर १८६५ चें!" आम्हांस त्याची निराशा करावी लागली. तो आंकडा पहिल्या कारखान्याच्या स्थापनेचा. आणि बासेल मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले ते पहिल्या महायुद्धानंतर. म्हणजे कौल त्यानंतरचें, आणि त्यापूर्वीं येथें बहुधा नळीचींच कौलें असावीं. तें कौल प्रदर्शनाच्या मेजावर ठेविलें आहे. चिठ्ठी त्या तरुणानेंच लिहिली : 'पहिल्या महायुद्धानंतरचें', आणि १८६५ हा आंकडाही त्यानें कंसांत राहूं दिला आहे.