आधी आम्हांला विचारा

सणासुदीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. पण घर सुखरूप राहावे एवढीच तर सणाची प्रार्थना असते, आणि हा इतिहासही तेवढ्याच इच्छेचा आहे.

रोगांच्या इतिहासात औषध शोधणाऱ्यांची नावे असतात. ते मागणाऱ्यांची सहसा नसतात. एड्सच्या प्रतिबंधाचा इतिहास वाचताना मला ही उणीव फार जाणवली. येथे मागणारी माणसे कित्येकदा शास्त्रज्ञांच्या पुढे चालत होती.

प्रारंभीचा उपदेश सोपा होता : एकनिष्ठ राहा, निरोध वापरा. पण निरोध वापरायचा की नाही, हे ठरवणार पुरुष! नवऱ्यापुढे जिला तोंड उघडता येत नाही, तिने काय करावे? झेना स्टाइन या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या विदुषीने १९९० साली हाच प्रश्न मांडला. बाईच्या हाती राहील असे साधन हवे, असे बजावले. स्त्रियांच्या संघटनांनी ती मागणी उचलून धरली.

पण साधन मागणे निराळे आणि त्याच्या चाचणीला आपले अंग देणे निराळे. २००४ साली कंबोडियात वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांवर एका गोळीची चाचणी व्हायची होती. अपाय झाल्यास पुढे आमचे औषधपाणी कोण पाहणार, असे त्यांनी विचारले. समाधान होईना, तेव्हा त्यांनी आवाज उठवला. ऑगस्टमध्ये पंतप्रधान हुन सेन यांनी चाचणीच थांबवली. शास्त्राचे नुकसान झाले खरे. पण धडाही मिळाला. संयुक्त राष्ट्रांचा एड्स कार्यक्रम आणि 'एव्हॅक' ही संस्था यांनी २००७ साली नियमावली काढली. चाचणीचा आराखडा ठरतानाच लोकांना सोबत घ्यावे, हे तिचे सार.

२०१० साली डरबनच्या क्वारैशा आणि सलीम अब्दुल करीम या दांपत्याने व्हिएन्नाच्या परिषदेत एका जेलचा निष्कर्ष सांगितला : ८८९ स्त्रियांच्या चाचणीत नव्या लागणी ३९ टक्क्यांनी घटल्या होत्या. केवढा आनंद झाला! परंतु २०१५ सालच्या मोठ्या चाचणीत ते यश टिकले नाही. भाग घेणाऱ्या बहुतेक मुली अविवाहित, आईबापांच्या घरी राहणाऱ्या. घरच्यांच्या नजरा चुकवून दरवेळी जेल वापरायचे कसे? साधन बाईच्या हाती आले, पण तिच्या दिवसात बसले नाही.

मग २०२४ साली बातमी आली : दक्षिण आफ्रिका आणि युगांडा येथे लेनाकापाविर हे इंजेक्शन वर्षातून दोनदा घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. कुणाला दाखवायला नको, रोज आठवायला नको. मात्र २०२५ साली अमेरिकेत त्याची वर्षाची किंमत २८ हजार डॉलरांच्या वर ठरली. पुन्हा मागणी झाली. आणि २०२७ पासून १२० देशांत ते वर्षाला सुमारे ४० डॉलरांत देण्याचे करार त्याच सप्टेंबरात जाहीर झाले. करार करणाऱ्या कंपन्या आपल्या हैदराबादच्या.

औषध प्रयोगशाळेत जन्मते; पण ते कुणाच्या उपयोगी पडावे, हे विचारणारे कोणी बाहेर उभे असावे लागते.