उन्हाळ्यातले प्रवासी, हिवाळ्यातला बर्फ

मराठीत ‘हिमगुहा’ हा एकच शब्द दोन अगदी निराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि त्यांची गल्लत झाली की पुढचा सारा विचार घसरतो. पहिली गोष्ट म्हणजे हिमनदीच्या पोटात वितळपाण्याने कोरलेला बोगदा. आइसलँडमध्ये हिवाळी प्रवाशांना दाखवतात त्या निळ्याशार गुहा या जातीच्या असतात; त्यांच्या भिंतीच बर्फाच्या असल्याने त्या एका हंगामापुरत्या टिकतात आणि पुढच्या वर्षी वाटाड्याला दुसरी गुहा शोधावी लागते. दुसरी गोष्ट म्हणजे डोंगराच्या खडकातली, बहुधा चुनखडीतली, अशी गुहा की जिच्या आत बाहेरचा उन्हाळा पोहोचत नाही आणि पाणी बारमाही गोठलेले राहते. या लेखाचा विषय ही दुसरी गुहा आहे. मराठी वाचकाला गुहा म्हटले की अजिंठा-वेरूळची लेणी आठवतात, म्हणजे माणसाने छिन्नीने कोरलेली जागा, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण दख्खनचा काळा पाषाण पाण्यात विरघळत नाही. पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डाय-ऑक्साइडमुळे किंचित आम्लधर्मी होऊन शेकडो शतके खडक झिजवत राहते आणि त्यातून मैलोगणती पोकळ्या घडतात, हे फक्त चुनखडीसारख्या प्रदेशात संभवते. युरोपातील जुरा, आल्प्स आणि कार्पेथियन या पर्वतरांगांत असा खडक मुबलक आहे, आणि हिमगुहा पाहायला जाण्याची प्रथाही तिथेच रुजली.

प्रवासी येण्यापूर्वी या गुहांत जाणारा माणूस गिऱ्हाईक होता. फ्रान्सच्या पूर्वेस बेझान्साँ शहराजवळ, शो-ले-पासावाँ गावच्या हद्दीत, उतरत्या तोंडाची एक मोठी गुहा आहे. तिथला बर्फ तोडून शहरात नेला जाई आणि उन्हाळ्यात पेये व अन्न थंड ठेवण्यासाठी वापरला जाई. 1727 मध्ये साओन नदीकाठच्या लष्करी तळासाठी तिथला बर्फ जवळजवळ मुळापासून काढून नेण्यात आला, तरी 1743 पर्यंत गुहा पुन्हा भरलेली होती. स्वित्झर्लंडच्या जुरा पर्वतातील सें-जॉर्जच्या गुहेतूनही असाच बर्फ बाहेर पडे. यंत्राने बर्फ करण्याची सोय होण्याआधी त्याची किंमत काय होती, हे मुंबईच्या उदाहरणावरून ध्यानात येते: एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून या शहराने अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेला, भुशात गुंडाळलेला आणि अर्ध्या जगाला वळसा घालून जहाजाने आलेला बर्फ विकत घेतला. त्या मानाने बेझान्साँकरांचा बर्फ हाकेच्या अंतरावर होता.

या गिऱ्हाइकांनीच एक समजूत रूढ केली आणि ती निदान दोन शतके विद्वानांनाही पुरून उरली. समजूत अशी, की या गुहांत बर्फ उन्हाळ्यात तयार होतो आणि हिवाळ्यात वितळतो. ती वेडगळ होती असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु तिच्यामागे प्रत्यक्ष अनुभव होता. बर्फाची गरज उन्हाळ्यात, म्हणून माणसे गुहेत जात ती उन्हाळ्यात. बाहेर अंग भाजत असताना आत दात वाजत, आणि उन्हाळ्याच्या आरंभी तर बर्फाचे नवे, स्वच्छ स्तंभ नुकतेच उभे राहिलेले दिसत. उलट भर हिवाळ्यात कोणी वाट चुकून आलाच, तर बाहेरच्या शून्याखाली दहा अंशांच्या थंडीतून आत शिरल्यावर शून्याच्या आसपासची हवा त्याला उबदार वाटे. शरीर तापमान मोजत नाही, फक्त फरक मोजते. बेझान्साँचा एक अभियंता कोसिन्यी याने 1743 मध्ये गुहेचा आराखडा केला, उष्णतामापक घेऊन वेगवेगळ्या ऋतूंत नोंदी केल्या आणि ही कल्पना टिकत नाही असे दाखवले. तरी ती मेली नाही, कारण तापमापक घेऊन जाणारा एक आणि कुऱ्हाड घेऊन जाणारे शंभर. काश्मीरमधील अमरनाथच्या बर्फाविषयी ‘आईन-ई-अकबरी’त अबुल फझलने नोंदवलेली समजूत याच जातीची आहे: शुक्ल पक्षात पिंडी वाढते आणि कृष्ण पक्षात घटते. अमरनाथचा बर्फ ऋतूनुसार येणारा-जाणारा असल्याने ती काटेकोर अर्थाने बारमाही हिमगुहा नव्हे. पण ठरावीक दिवसांतच जिथे जाता येते, तिथे त्या दिवसांचेच निरीक्षण निसर्गाचा नियम म्हणून मांडले जाते, हे दोन्हीकडे सारखेच.

खरा उलगडा झाला तो हिवाळ्यात गुहेत उतरणाऱ्यांमुळे. जिनीव्हाचा शास्त्रज्ञ त्युरी याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सें-जॉर्जची गुहा थंडीच्या दिवसांतही पाहिली आणि 1861 मध्ये अशा गुहांचे स्थिर आणि गतिमान असे दोन प्रकार मांडले. स्थिर गुहा म्हणजे विहिरीसारखी, तोंड वर आणि पोट खाली. हिवाळ्यातली थंड, जड हवा तिच्यात ओतली जाते आणि तळाशी साचते, उन्हाळ्यातली हलकी ऊबदार हवा मात्र वरच्यावर तरंगत राहते आणि खालच्या थंडीला हुसकावू शकत नाही. गतिमान गुहेला निदान दोन तोंडे लागतात, एक खाली आणि एक वर, आणि ती चुलीच्या धुराड्यासारखी चालते: हिवाळ्यात डोंगराच्या पोटातली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार असल्याने वरच्या फटींतून निसटते आणि तिची जागा घेण्यासाठी खालच्या तोंडातून कडाक्याची थंडी आत खेचली जाते; उन्हाळ्यात हा प्रवाह उलटतो आणि खालच्या तोंडातून गार वारा बाहेर येतो. दोन्हींत थंडी हिवाळ्याची, पण पाणी बहुतेक वसंतातले. बाहेरचा बर्फ वितळू लागला की ते पाणी खडकाच्या चिरांतून झिरपते आणि आतल्या गोठून बसलेल्या दगडाला लागताच घट्ट होते. मग उन्हाळा लागला तरी सारा बर्फ लगेच जात नाही, कारण वितळणारा बर्फ भोवतीची उष्णता स्वतःच गिळतो आणि हवेला शून्याच्या वर सहजी चढू देत नाही. अमेरिकन लेखक बाल्च याने 1900 मध्ये या गुहांवर सविस्तर ग्रंथ लिहिला, आणि तोवर थंडीचा उगम हिवाळा हाच आहे, याविषयी जाणकारांत फारसा मतभेद उरला नव्हता.

बर्फ तोडण्याऐवजी तो पाहण्यासाठी पैसे देण्याची चाल कशी पडली, याचे चांगले उदाहरण आजच्या स्लोव्हाकियातील आणि तेव्हाच्या हंगेरी राज्यातील डोबशिनाचे आहे. डोबशिना हे खाणकामगारांचे गाव, आणि डोंगरातले ते विवर धनगरांना आणि शिकाऱ्यांना ‘थंड भोक’ या अर्थाच्या नावाने पूर्वीपासून ठाऊक होते. आत उतरण्याचे कोणाच्या मनात आले नव्हते. 15 जून 1870 रोजी खाण-अभियंता युगेन रुफिन्यी सोबत्यांसह दोराच्या आधाराने खाली उतरला. आत बर्फाची भलीमोठी सभागृहे निघाली, आणि दुसऱ्याच वर्षी गुहा लोकांसाठी खुली झाली. शोध आणि तिकीट यांच्यात एका वर्षाचे अंतर, ही घाई खाणकामगारांच्या गावाला शोभणारी होती. शिड्या, दोर, लाकडी पायऱ्या आणि जमिनीखालचा दिवा हा त्यांचा रोजचा व्यवहार होता. 1887 पासून तिथे विजेचे दिवे लागले, आणि मोठ्या दालनाच्या सपाट बर्फावर लोक भर उन्हाळ्यात स्केटिंग करू लागले. एक लाख घनमीटरांहून अधिक बर्फ आणि काही ठिकाणी 25 मीटरांच्या वर जाडी असलेली ही स्थिर जातीची गुहा 2000 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली. बर्फावरचे स्केटिंग मात्र बंद झाले. ते झाले हे बरेच झाले.

गतिमान गुहांत सर्वांत मोठे नाव ऑस्ट्रियातील आइसरीजेनवेल्टचे. या जर्मन नावाचा अर्थ ‘बर्फाच्या राक्षसांचे विश्व’. साल्झबुर्गच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर, साल्झाख नदीच्या खोऱ्यातील वेर्फेन गावाच्या माथ्यावर, टेनेनगेबिर्गे डोंगररांगेत 1,641 मीटर उंचीवर तिचे तोंड उघडते. तिची ज्ञात लांबी 42 किलोमीटरांच्या वर आहे, पण बर्फ आहे तो पहिल्या किलोमीटरभरातच, कारण बाहेरची थंडी पोहोचते ती तिथपर्यंतच. पुढे सगळा कोरडा दगड. जगातली सर्वांत मोठी हिमगुहा म्हणून तिची जाहिरात केली जाते, तेव्हा हा तपशील सहसा मागे पडतो.

स्थानिक माणसे या तोंडाला नरकाचे दार समजून दूर राहत, असे सांगितले जाते. 1879 मध्ये साल्झबुर्गचा निसर्गअभ्यासक आंतोन पोसेल्ट आत शिरला, सुमारे दोनशे मीटर गेला, आणि 1880 मध्ये त्याने जर्मन-ऑस्ट्रियन गिर्यारोहण संघाच्या नियतकालिकात त्याचे वर्णन छापले. या घटनेला दोन गोष्टींची पार्श्वभूमी होती: 1875 मध्ये साल्झबुर्गहून या खोऱ्यातून जाणारा रेल्वेमार्ग सुरू झाला होता, आणि शहरातला सुशिक्षित वर्ग सुटीत डोंगर चढणे हा छंद आणि काहीसे कर्तव्यही मानू लागला होता. तरीही पोसेल्टचा लेख तीस वर्षे धूळ खात पडला. पुढचा शोध लावला तो 1912 पासून साल्झबुर्गच्या गुहासंशोधकांच्या तरुण गटाने. त्याचा म्होरक्या अलेक्झांडर फॉन म्योर्क होता. पोसेल्टला थोपवणारी बर्फाची उभी भिंत या मंडळींनी पायऱ्या खोदून पार केली आणि तिच्यापलीकडची दालने पहिल्यांदा पाहिली. नॉर्स पुराणकथांतली नावे त्या दालनांना आणि बर्फाच्या आकारांना मिळाली: हिमिर या राक्षसाचे दालन, फ्रिग्गा देवीचा पडदा. (हिमिर आणि संस्कृत ‘हिम’ यांचे ध्वनिसाम्य पाहून व्युत्पत्ती लावण्याचा मोह मराठी वाचकाने आवरावा.) या नावांमुळे गोठलेल्या पाण्याला पात्रे मिळाली, आणि आजचा वाटाड्याही त्याच पात्रांची कथा सांगत पुढे जातो. म्योर्क 1914 मध्ये महायुद्धात मारला गेला. त्याच्या अस्थींचा कलश त्याच्या नावाच्या दालनात ठेवलेला आहे.

महायुद्ध संपल्यावर उरलेल्या संशोधकांनी काम पुन्हा हाती घेतले आणि 1920 मध्ये गुहेजवळ निवाऱ्याची झोपडी बांधून वर येण्याची वाट तयार केली. लोकांना गुहा दाखवण्याची सुरुवात त्याच सुमाराची. हरलेल्या आणि आकसलेल्या ऑस्ट्रियाकडे आता समुद्र नव्हता, साम्राज्य नव्हते, डोंगर मात्र होते. पर्यटनाला आलेले महत्त्व त्या काळात समजण्यासारखे आहे, तसेच 1928 मध्ये नैसर्गिक गुहांच्या संरक्षणासाठी केलेला कायदाही. जमीन सरकारी वनखात्याची आणि कारभार साल्झबुर्गच्या गुहासंशोधकांच्या संस्थेचा, अशी व्यवस्था तेव्हापासून चालू आहे. वाट मात्र दीर्घकाळ बिकटच राहिली. 1955 मध्ये दोरखंडी पाळणा, म्हणजे रोप-वे, आला आणि दीड तासाची चढण तीन मिनिटांची झाली. गुहेच्या इतिहासात पोसेल्टइतकेच महत्त्व या पाळण्याला आहे, असे म्हणायला हरकत नाही, कारण त्यापूर्वी तिथे पोहोचणारा माणूस गिर्यारोहक असे आणि त्यानंतर पोहोचणारा प्रवासी झाला.

आतली रीत अजून जुनी आहे, आणि ती जाणूनबुजून जपलेली आहे. आत विजेचे दिवे नाहीत. काही जणांच्या हाती कार्बाइडचे दिवे दिले जातात. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर पाणी ठिबकून निघणारा ॲसिटिलिन वायू त्यात जळतो, आणि महाराष्ट्रातील जत्रांतून दुकानांच्या पालांत असे दिवे पाहिलेल्या पिढीला त्यांचा वास सांगावा लागणार नाही. दार उघडताच उन्हाळ्यात आतून येणारा वारा ताशी शंभर किलोमीटरांपर्यंत जाऊ शकतो, म्हणून दिवे हाताने आडोसा करून न्यावे लागतात. पुढे सुमारे सातशे पायऱ्या चढून तितक्याच उतरायच्या असतात, आणि मोक्याच्या जागी वाटाड्या मॅग्नेशियमची फीत पेटवून बर्फाच्या मागून धरतो. क्षणभर सारी भिंत आतून पांढरी-निळी उजळते आणि विझते. छायाचित्रे काढायला मनाई आहे. या मनाईविषयी प्रवासी कुरकुरतात. परंतु सव्वा तासाच्या फेरीत अंधाऱ्या, घसरड्या पायऱ्यांवर प्रत्येक जण थांबू लागला तर मागच्यांचे काय होईल, हा विचार केला की ती योग्यच वाटते. माणसाचे अंग आणि श्वास हेही उष्णतेचे उगम आहेत, हे हिमगुहांच्या कारभाऱ्यांना उमगलेले आहे, आणि माणसे व दिवे यांच्यावरची बंधने त्याच जाणिवेतून आलेली आहेत.

गुहेतला बर्फ अनादि आणि निश्चल असतो, अशी प्रवाशाची कल्पना असते. ती बरोबर नाही. काही ठिकाणी तो फार जुना असतो हे खरे. रोमानियातील स्करिशोआरा गुहेच्या बर्फाच्या थरांत दहा हजार वर्षांहून अधिक काळचे हवामान नोंदलेले सापडते, आणि त्या देशातील क्लुज शहरात एमिल राकोवित्सा याने 1920 मध्ये स्थापलेल्या जगातल्या पहिल्या गुहाविज्ञान संस्थेचा त्या अभ्यासाशी जवळचा संबंध आहे. पण जुना बर्फ खालून आणि बाजूंनी झिजतो, नवा वरून चढतो, आणि यंदा पाहिलेला स्तंभ पुढच्या वर्षी त्याच जाडीचा असेलच असे नाही. दर वर्षीचा जमाखर्च हिवाळ्यात किती थंडी आत शिरली आणि वसंतात किती पाणी झिरपले यांवर ठरतो. हिवाळा सौम्य गेला तर पुढच्या उन्हाळ्यातली बर्फाची घट त्याची साक्ष देते. आइसरीजेनवेल्ट 1 मे रोजी उघडते आणि 26 ऑक्टोबरला बंद होते. त्यानंतर वरची वाट हिमप्रपातांच्या, म्हणजे कड्यांवरून कोसळणाऱ्या बर्फाच्या, धोक्यामुळे ओस पडते, पाळणा थांबतो, आणि तोंडाशी वारा दिशा बदलून आत शिरू लागतो.