तळटीप १४ : 'डीओ-१'
१४. डीओ-१ : मूळ लेखकाने केवळ या त्रोटक नावाने उल्लेखिलेला पदार्थ म्हणजे 'पी ५३' या मानवी प्रथिनास नेमके ओळखणारे प्रतिपिंड होय. पेशीच्या केंद्रकात डीएनएच्या विवक्षित अनुक्रमांस बिलगणारे, आणि त्या डीएनएला इजा पोहोचली असता पेशीच्या विभाजनास जणू मनाई-हुकूम बजावणारे हे प्रथिन १९७९ साली उजेडात आले. त्याचे नाव मात्र एका चुकलेल्या मापाचेच स्मारक आहे, कारण जेलवर ५३ हजार डाल्टन भासणारे त्याचे वजन वस्तुतः ४४ हजारांच्या आतच भरते. कोहलर व मिलस्टाइन यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या संकरपेशींच्या रीतीने, उंदराच्या पेशींपासून, व्होयतेशेक, लेन प्रभृतींनी हे प्रतिपिंड सिद्ध केले व १९९२ साली त्याचे वर्णन छापले. प्रथिनाच्या ३९३ अमिनो आम्लांच्या साखळीतील विसाव्यापासून पंचविसाव्यापर्यंतचा इवलासा तुकडा तेवढा ते धरते. ऊतीच्या पातळ कापावर आधी हे प्रतिपिंड व मागाहून रंग उमटविणारी द्रव्ये घातली असता, जेथे प्रथिन साचले असेल तेथील केंद्रके तपकिरी दिसू लागतात. निरोगी पेशीत ते निर्माण होताच नष्ट होत असल्याने रंग जवळजवळ उमटतच नाही. येथे मात्र एकही केंद्रक रंगले नाही याचे कारण ते नव्हे, अथवा लेखकाला वाटली तशी मदतनिसाची हयगयही नव्हे: काप उंदराच्या ऊतीचा होता, आणि उंदराच्या 'पी ५३' ला डीओ-१ ओळखत नाही.