सर्जची भावकी

वादळाच्या बातमीत ‘स्टॉर्म सर्ज’, विजेच्या दुकानात ‘सर्ज प्रोटेक्टर’, भर पावसात टॅक्सीच्या ॲपवर पुन्हा ‘सर्ज’. या शब्दाचं मूळ शोधत गेलं तर समुद्र लागत नाही, झरा लागतो.

लॅटिनमध्ये ‘सुर्गेरे’ म्हणजे उठणं. ‘सुब’ म्हणजे खालून आणि ‘रेगेरे’ म्हणजे सरळ नेणं, अशी त्याची फोड. या ‘रेगेरे’चं घराणं आपल्याला परकं नाही, संस्कृतातले ‘राजन्’ आणि ‘ऋजु’ भाषाशास्त्रज्ञ त्याच धातूशी नेऊन जोडतात. फ्रेंचमार्गे आलेला ‘सोर्स’ हा सर्जचा सख्खा भाऊ. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला तेव्हा ‘सर्ज’ही झऱ्याचाच वाचक होता. सोळाव्या शतकात तो उसळत्या लाटेला चिकटला. थडग्यातून उठणारं ‘रेझरेक्शन’ आणि सत्तेवर उठणारा ‘इन्सर्जंट’ हेही त्याच पोटचे.

लाटेचे बाकीचे शब्द दुसऱ्या गोत्रातले. ‘बिलो’ उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतला. त्याच्या मुळाशी फुगणं आहे, म्हणून पोटाचा ‘बेली’ आणि लोहाराच्या भात्याचा ‘बेलोज’ त्याचे चुलते. ‘स्वेल’ अस्सल इंग्रजी; सुजलेल्या पायालाही तोच शब्द. खलाशी मात्र दूरच्या वादळातून निघून, वारा पडल्यावरही येत राहणाऱ्या लांब, संथ लाटांना स्वेल म्हणतात.

‘सर्फ’ सगळ्यांत मजेदार, कारण त्याचं कूळ कोशकारांना सापडलेलंच नाही. इंग्रजी लेखनात तो सुरुवातीला ‘सफ’ अशा रूपात येतो, आणि तोही बहुतेक हिंदुस्थानच्या किनाऱ्याबद्दल. मद्रासला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत धड बंदर नव्हतं. जहाजं दूर नांगर टाकत आणि माणसं, माल मसुला नावाच्या नावांतून किनाऱ्यावर येई. या नावेला खिळा नसे. फळ्या काथ्याने शिवलेल्या. फुटत्या लाटेने वाळूवर आपटली तरी ती लवे, मोडत नसे. अशा लाटांतून भिजत उतरलेल्या साहेबाला त्यांच्यासाठी वेगळा शब्द हवासा वाटला, यात नवल ते काय!

आपली वर्तमानपत्रं ‘स्टॉर्म सर्ज’ला सर्रास लाटा म्हणतात, ते मला पटत नाही. चक्रीवादळाचा वारा पाणी किनाऱ्याकडे रेटतो, हवेचा कमी दाब त्यात थोडी भर घालतो आणि समुद्राची पातळीच चढते; ती तासन्‌तास खाली येत नाही. लाटा त्या चढलेल्या पाण्यावर वेगळ्याच. धरणामागे अडलेल्या पाण्याला आपण ‘फुगवटा’ म्हणतो. तो शब्द इथे जास्त जवळचा.

केरळच्या कोळ्यांचा ‘कळ्ळक्कडल’, म्हणजे चोर समुद्र, तर वादळाचीही वाट पाहत नाही. किनाऱ्यावर वारा नसतो, आभाळ स्वच्छ असतं, आणि दक्षिण हिंदी महासागरात उठलेला स्वेल काही दिवसांनी येऊन घरांत शिरतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सागरी माहिती संस्था त्याचा इशारा देताना दोन्ही शब्द एकत्र बांधते: ‘स्वेल सर्ज’.