शिडाचे सभासदत्व

विक्रोळीच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आहे; परंतु खारफुटीपलीकडची तिची भरती-ओहोटी आम्ही विक्रोळीकर क्वचितच पाहतो. १८४६ साली मुंबईत यॉट क्लब स्थापन झाला, पुढे त्यास ‘रॉयल’ हे बिरुद लाभले. इंग्रजी अमदानीत मात्र भारतीयांना तेथे सभासदत्व नव्हते. शीड उभारणारे आमचे कोळी बांधव तर किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या होतेच! १९८२ च्या आशियाई स्पर्धांतील शिडाच्या शर्यती मुंबईच्याच समुद्रात झाल्या; फारूख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळविले. दार केव्हाच उघडले आहे, उंबरठ्यावर थांबलो आहोत ते आम्हीच. मुलांना तेथे धाडताना एवढेच सांगावे : होडीत प्रेक्षक कोणी नसतो, प्रत्येकाच्या हाती दोर असतो.