पायरी आणि पावती

नाशिक जिल्ह्यांत वणी गांवाजवळ सप्तशृंगीचा गड आहे. माचीवरून देवीच्या गाभाऱ्यापर्यंत चढणाऱ्या पायऱ्या पांचशेंच्या घरांत भरतात. २०१८ पासून रुळांवरून चढणारी गाडी वृद्धांना वर नेऊं लागली; तरी नवस बोललेला माणूस पायरी चुकवीत नाहीं. या पायऱ्यांपैकीं बहुतेक इ. स. १७१० मध्यें उमाबाई दाभाडे यांनीं बांधविल्या, असें परंपरा सांगते. उमाबाई या डोंगराशेजारच्याच. अभोण्याच्या ठोके देशमुखांची ही लेक तळेगांवच्या खंडेराव दाभाड्यांना दिलेली होती, आणि खंडेराव पुढें १७१७ मध्यें छत्रपति शाहूंचे सेनापति झाले. तेव्हां या पायऱ्या म्हणजे सासरच्या वैभवांतून माहेरच्या देवीला पोंचलेली भेट होय.

पूर्वीं धर्मकार्याला द्रव्य कसें मिळे, याचें उत्तर या दगडांत आहे. देणारा एक, देणें एकदांच, आणि त्याची आठवण शेंकडों वर्षांची. ज्याच्या हातीं असें द्रव्य नसे, त्याला देवस्थान ‘मान’ देऊन आपलासा करी. चैत्री यात्रेंत गडाच्या सुळक्यावर निशाण लावण्याचा मान दरेगांवच्या गवळी-पाटील घराण्याकडे आहे. ज्या सुळक्यावर दिवसाउजेडीं पाहतांनाहि डोळे फिरतात, तेथें रात्रीं चढून जाणें हें कोणत्याहि देणगीहून हलकें म्हणतां येणार नाहीं. वर्गणीदारांच्या वह्या ठेवण्याची देवस्थानांना गरज नव्हती. मानकऱ्यांची परंपरा हीच त्यांची वही.

परंतु मोठ्या दात्यावर विसंबलेलें कार्य दात्याच्या दैवाबरोबर चढतें व उतरतें. खंडेराव दाभाड्यांच्या वेळीं श्रावणमासांत विद्वान ब्राह्मणांना तळेगांवीं दक्षिणा वाटली जाई. १७३१ मध्यें डभईच्या लढाईंत उमाबाईंचा पुत्र त्रिंबकराव पडला आणि घराण्याचा उतार सुरू झाला. दक्षिणा बंद पडली नाहीं, पण ती तळेगांवाहून उठून पेशव्यांच्या पुण्यास गेली. पेशवाईहि बुडाली. मग त्याच दक्षिणेच्या द्रव्यांतील कांहीं भागावर इंग्रज सरकारनें १८२१ मध्यें पुण्यास संस्कृत पाठशाळा काढली. दानाचा ओघ टिकला. मात्र तो कोठें वळावा, हें दर वेळीं राज्यकर्त्यानें ठरविलें. ज्यांच्यासाठीं दान, त्यांना कोणी विचारलें नाहीं.

याच तळेगांवीं १९०८ मध्यें अगदीं उलट्या रीतीनें उभारलेलें एक काम दिसूं लागलें. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी कीं, प्रत्येक माणसानें वर्षाला एक पैसा द्यावा, आणि त्यांतून स्वदेशी धंदे काढावे. लोकमान्य टिळकांनीं ती उचलून धरली, आणि पैसा फंडाचा कांचेचा कारखाना सेनापतींच्या गांवीं निघाला. हिशेब मात्र कठीण होता. तेव्हां रुपयाला चौसष्ट पैसे होते. हजार रुपये जमवावयाचे तर चौसष्ट हजार माणसांपुढें हात पसरावा लागे, आणि पुढल्या वर्षीं पुनः तितक्याच. एका पैशापायीं कोणी दरिद्री होत नाहीं, हें खरें. पण एक पैसा देणारा आपला पैसा विसरतो, हेंहि तितकेंच खरें.

मोठा दाता आणि लहान दाता या दोघांनाहि धरून ठेवण्याची विद्या महाराष्ट्रांत कोणा एकाला साधली असेल, तर ती धोंडो केशव कर्वे यांना. त्यांची अडचणहि सर्वांहून बिकट होती. १८९३ मध्यें त्यांनीं विधवेशीं विवाह केला, आणि मुरूडच्या गांवकऱ्यांनीं त्यांना वाळींत टाकलें. अशा गृहस्थानें १८९६ मध्यें विधवांसाठीं अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हां त्याच्या हातीं पैसा द्यावा कोणीं, आणि मुलगी सोंपवावी कोणीं? कर्व्यांनीं पुनर्विवाहाची चळवळ आश्रमापासून निराळी ठेवली. आश्रम शिक्षणापुरताच राहील, असा भरंवसा त्यांनीं सनातनी घरांना दिला. कांहीं सुधारकांना हें रुचलें नाहीं. ही तडजोड होती, आणि तिला तडजोडच म्हटलें पाहिजे. पण तिच्याविना हिंगण्याची झोंपडी उभी राहिली नसती. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं तेथील सहा एकर जमीन व साडेसातशें रुपये दिले, आणि १९०० मध्यें आश्रम तेथें गेला.

फर्ग्युसन महाविद्यालयांतील अध्यापन संभाळून कर्वे सुट्टींत वर्गणीसाठीं फिरत. चार आणे मिळाले तरी ते घेत, नकार मिळाला तरी पुढल्या वर्षीं त्याच दारीं जात, आणि अहवाल छापून हिशेब लोकांपुढें मांडीत. सार्वजनिक विश्वस्तसंस्थांना हिशेबाची सक्ती करणारा कायदा १९५० चा. येथें ती शिस्त अर्धशतक आधीं आपखुशीनें पाळली गेली. त्यांची मेहुणी पार्वतीबाई आठवले या स्वतः विधवा. केशवपन केलेल्या रूढ वेषांत त्या गांवोगांव व्याख्यानें देऊन आश्रमासाठीं पैसा गोळा करीत. १९१८ मध्यें त्या अमेरिकेस गेल्या. इंग्रजी पुरतें येत नसतां परक्या घरीं मोलकरणीचें काम करून राहिल्या, आणि तेथेंहि आश्रम विसरल्या नाहींत.

१९१६ मध्यें कर्व्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें. १९२० मध्यें सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं त्याला पंधरा लक्ष रुपयांचें दान जाहीर केलें. साडेतीन टक्क्यांनीं त्याचें वार्षिक व्याज बावन्न हजार पांचशें रुपये होई. दानाबरोबर अटीहि आल्या: विद्यापीठाला मातोश्री नाथीबाईंचें नांव द्यावें, आणि त्याचें ठाणें मुंबईस न्यावें. १९२२ मध्यें सर विठ्ठलदास वारले. त्यांच्या पश्चात् अटींवरून विश्वस्तांशीं वाद पडला आणि वार्षिक रक्कम अडली. पुढें तडजोड झाली, आणि १९३६ मध्यें ठाणें मुंबईस गेलें. एका मोठ्या नांवाच्या आधारें संस्था तरली, पण एका सहीसाठीं ती ताटकळलीहि.

त्याच १९३६ मध्यें, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, कर्व्यांनीं शाळा नसलेल्या खेड्यांसाठीं ग्रामीण प्राथमिक शिक्षणाचें मंडळ काढलें. सत्तर रुपयांच्या निवृत्तिवेतनांतून दरमहा पंधरा रुपये आधीं स्वतः दिले, आणि मग पुण्याच्या पेठांतून घरोघर लहान वर्गणी मागत ते पायीं हिंडूं लागले.