आरव्ही प्रवासातील इंटरनेट जोडणी

आरव्ही प्रवासातील इंटरनेट जोडणी म्हणजे राहण्याची सोय असलेल्या वाहनातून प्रवास वा मुक्काम करताना इंटरनेटशी संपर्क राखण्याची साधने व पद्धती. ‘आरव्ही’ हे ‘रिक्रिएशनल व्हेईकल’ या इंग्रजी संज्ञेचे लघुरूप आहे. निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली मोटार, तसेच मोटारीमागे जोडून नेले जाणारे चाकांवरचे घर, या दोन्हींचा त्यात समावेश होतो. भारतात अशा वाहनास सामान्यतः कॅरॅव्हॅन म्हणतात. या वाहनांचा सर्वाधिक प्रसार अमेरिकेत झाला असल्यामुळे प्रस्तुत लेखातील माहिती मुख्यतः त्या देशासंबंधी आहे.

स्थिर घरात इंटरनेट तारेने किंवा ठरावीक मनोऱ्यावरून येते आणि त्याचा दर्जा रोज जवळपास सारखाच असतो. आरव्हीतील जोडणी मात्र मुक्कामागणिक बदलते. त्यामुळे कोणतेही एकच साधन सर्व ठिकाणी पुरे पडत नाही. भिन्न स्वरूपाची किमान दोन साधने जवळ बाळगणे आणि मुक्कामाची जागा जोडणीचा विचार करून निवडणे, ही या विषयातील दोन मूलभूत तत्त्वे मानली जातात.

पार्श्वभूमी

प्रवासात राहून दूरसंपर्काच्या आधारे उपजीविका करण्याचे आरंभीचे प्रसिद्ध उदाहरण आरव्हीचे नसून सायकलीचे आहे. स्टीव्हन रॉबर्ट्स हे अमेरिकी लेखक १९८३ मध्ये ओहायो राज्यातील कोलंबस येथून संगणकयुक्त सायकलीवर निघाले. छोट्या सुवाह्य संगणकावर लिहिलेला मजकूर ते सार्वजनिक दूरध्वनीवरून कॉम्प्युसर्व्ह या सेवेमार्फत पाठवीत. त्यानंतर आरव्हीतील प्रवाशांनीही दूरध्वनीची तार, भूस्थिर उपग्रहाची छपरावरील तबकडी आणि मोबाइल डेटा या क्रमाने नवनवी साधने स्वीकारली.

२०२० मधील कोविड-१९ साथीनंतर घरून काम करण्याची पद्धत रूढ झाली आणि आरव्हींची मागणीही वाढली. २०२१ मध्ये उत्तर अमेरिकेतील उत्पादकांनी सहा लाखांहून अधिक आरव्ही विक्रीसाठी पाठविल्या. सुट्टीपुरता प्रवास करणाऱ्यांबरोबरच वर्षभर वाहनात राहून नोकरी करणारे, दूरस्थ शिक्षण घेणारे आणि वैद्यकीय सल्ल्यासाठी दृक्‌संवादावर अवलंबून असणारे लोकही या वर्गात आले. अशा लोकांच्या बाबतीत जोडणी तुटणे ही केवळ गैरसोय राहत नाही. त्यात वेतन, परीक्षा किंवा उपचार चुकण्याचा संभव असतो.

अडचणींची कारणे

मोबाइल सिग्नल अंतराबरोबर क्षीण होतो, तसेच डोंगर, दाट झाडी व इमारती यांमुळे अडतो. ६०० ते ८०० मेगाहर्ट्झ या निम्न वारंवारतेच्या लहरी दूरवर पोहोचतात व अडथळ्यांतून तुलनेने बऱ्या पार होतात; परंतु त्यांची माहिती वाहून नेण्याची क्षमता मर्यादित असते. २,५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी अधिक वेग देतात, मात्र त्यांचा पल्ला कमी असतो. २४ गिगाहर्ट्झपुढील ५-जी लहरी फार वेगवान असल्या तरी त्यांचा पल्ला काही शे मीटरच असल्याने शहराबाहेरच्या मुक्कामी त्यांचा उपयोग जवळजवळ होत नाही.

वाहनाची बांधणी हेही एक कारण आहे. ॲल्युमिनियमचे बाह्य आवरण रेडिओलहरी परावर्तित करते. त्यामुळे मोबाइलवर वाहनाबाहेर पुरेसा सिग्नल मिळत असला, तरी आत तो नाहीसा होऊ शकतो. सिग्नलची ताकद डीबीएम या एककात, उणे आकड्यांत मोजतात. साधारणतः उणे ८० हा आकडा चांगला, तर उणे ११० हा दुर्बळ समजला जातो. मोबाइलच्या पडद्यावरील उभ्या रेषांपेक्षा हा आकडा अधिक विश्वसनीय असतो.

तिसरे कारण गर्दीचे आहे. सिग्नल भरपूर असूनही एकाच मनोऱ्यावर अनेक ग्राहक आल्यास वेग घटतो. सुट्टीच्या दिवसांत आरव्ही तळांवर हा अनुभव नेहमीचा असतो.

मोबाइल डेटा

अमेरिकेत एटी अँड टी, व्हेरायझन आणि टी-मोबाइल ही तीन मोठी मोबाइल जाळी आहेत. तिन्हींचे क्षेत्र सारखे नाही. एकाचे जाळे नसलेल्या खोऱ्यात दुसऱ्याचे असू शकते. म्हणून दीर्घ प्रवास करणारे बहुधा दोन कंपन्यांची सिमकार्डे बाळगतात. या कंपन्यांनी २०२२ च्या अखेरपर्यंत आपली ३-जी सेवा बंद केल्यामुळे त्या तंत्रावरील जुनी उपकरणे निरुपयोगी झाली आहेत.

‘अमर्याद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या योजनांनाही मर्यादा असतात. मोबाइलवर थेट वापरलेला डेटा आणि हॉटस्पॉटद्वारे संगणकास दिलेला डेटा यांचा हिशेब बहुधा वेगळा ठेवला जातो. ठरलेला वाटा संपल्यावर काही योजनांत वेग सरसकट कमी केला जातो. काहींत मनोऱ्यावर गर्दी असेल तेव्हाच त्या ग्राहकास मागे ठेवले जाते. या दोहोंतील फरक योजना घेण्यापूर्वी समजून घेणे आवश्यक असते. स्पष्ट चित्राचा चित्रपट पाहण्यास ताशी सुमारे ३ जीबी डेटा लागतो, तर ई-पत्रव्यवहारास त्याचा अल्पसा अंशही पुरतो. सुट्टीपुरता प्रवास करणाऱ्यांना बहुधा एवढीच जोडणी पुरेशी ठरते.

आरव्ही तळावरील वाय-फाय

बहुतेक खाजगी आरव्ही तळ वाय-फाय देतात. तळावरील एकच जोडणी अनेक वाहनांत वाटली जात असल्याने संध्याकाळी तिचा वेग मंदावतो. छपरावरील वाय-फाय अँटेनामुळे दूरच्या प्रक्षेपकाशी संपर्क साधता येतो, परंतु मूळ जोडणीच अपुरी असेल तर अँटेनाने वेग वाढत नाही. अशी जोडणी सार्वजनिक असल्याने बँकेचे व्यवहार तीवरून टाळणे किंवा व्हीपीएनचा वापर करणे हितावह असते.

उपग्रहाद्वारे जोडणी

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. एवढ्या अंतरावरून संदेश जाऊन उत्तर येण्यास अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ लागतो. त्यामुळे या जोडणीवर मजकूर वाचणे सुकर असले, तरी दृक्‌संवादात बोलणे एकमेकांवर आदळते.

स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंक सेवेचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यामुळे विलंब सेकंदाच्या काही शतांशांवर येतो. या कंपनीने मे २०२२ मध्ये आरव्हीधारकांसाठी स्वतंत्र योजना आणली. पुढे तिचे नाव ‘रोम’ असे झाले. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाने चालत्या वाहनांतही ही सेवा देण्यास मान्यता दिली. २०२४ मध्ये ‘मिनी’ हे लहान यंत्र आले. मोबाइल मनोऱ्यांपासून दूर असलेल्या वाळवंटांत व पठारांवर या सेवेमुळे मोठा फरक पडला आहे.

या सेवेस मोकळे आकाश लागते. उंच वृक्षांखाली जोडणी वारंवार खंडित होते. सौर पट्ट्यांनाही मोकळी जागा हवी असते. उन्हाळ्यात वाहन थंड राहण्यासाठी मात्र सावली हवी असते. यावर उपाय म्हणून काही प्रवासी तबकडी छपरावर कायम न बसविता लांब तारेने जोडून सावलीबाहेर ठेवतात.

अँटेना व सिग्नलवर्धक

छपरावरील अँटेना वाहनाच्या धातूच्या आवरणाबाहेर असल्याने सिग्नल अधिक चांगल्या प्रकारे ग्रहण करते. अँटेनापासून राउटरपर्यंतची तार जितकी लांब, तितकी त्यात हानी अधिक. म्हणून ती शक्य तितकी आखूड ठेवतात.

सिग्नलवर्धक, म्हणजेच बूस्टर, हे दुर्बळ सिग्नल वाढवून वाहनात पुन्हा प्रसारित करणारे उपकरण आहे. ते नसलेला सिग्नल निर्माण करू शकत नाही. गर्दीमुळे मंदावलेल्या जोडणीवरही त्याचा विशेष उपयोग होत नाही. चुकीच्या वापराने मोबाइल जाळ्यात व्यत्यय येऊ शकत असल्याने संघीय दूरसंचार आयोगाने २०१३ मध्ये त्यांबाबत नियम केले. त्यांनुसार उपकरण प्रमाणित असणे व ग्राहकाने त्याची नोंद मोबाइल कंपनीकडे करणे आवश्यक आहे.

जोडण्यांची सांगड

दोन सिमकार्डे, तळावरील वाय-फाय आणि उपग्रह यांना एकाच राउटरशी जोडता येते. पहिली जोडणी तुटताच राउटर आपोआप दुसरीकडे वळतो. मात्र त्या क्षणी चालू असलेला संवाद खंडित होऊ शकतो. काही राउटर दोन जोडण्या एकत्र गुंफतात, त्यामुळे एक तुटली तरी संवाद चालू राहतो. यासाठी अधिक खर्च येतो व डेटाही अधिक लागतो. दोन्ही सिमकार्डे एकाच कंपनीच्या जाळ्यावर चालणारी असतील, तर हा पर्याय नावापुरताच उरतो.

विजेचा हिशेब

तळावर वीजजोडणी नसेल तेव्हा इंटरनेटची साधने वाहनातील विद्युत्‌घटावर चालतात. १२ व्होल्ट व १०० ॲम्पिअर-तास क्षमतेच्या घटात सुमारे १,२०० वॅट-तास ऊर्जा साठते. शिसे-आम्ल प्रकारच्या घटातील निम्मीच ऊर्जा वापरणे इष्ट असते. ७५ वॅट घेणारे उपग्रहयंत्र दहा तास चालल्यास ७५० वॅट-तास खर्च होतात, म्हणजे असा एक घट त्यासाठी पुरत नाही. मोबाइल राउटरला याहून पुष्कळच कमी वीज लागते. म्हणून उपग्रहयंत्र गरजेपुरतेच चालविण्याची पद्धत आहे.

मुक्कामाची निवड

मोबाइल कंपन्यांचे व्याप्तिनकाशे गणितीय अनुमानावर आधारलेले असतात. प्रत्यक्षात एखाद्या टेकडीआड सिग्नल नसू शकतो. राष्ट्रीय उद्यानांच्या अंतर्भागात व पश्चिमेकडील सरकारी जमिनींवर सेवा नसणे सामान्य आहे. वेस्ट व्हर्जिनिया व व्हर्जिनिया राज्यांत, ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बिणीच्या परिसरात, १९५८ पासून राष्ट्रीय रेडिओशांतता क्षेत्र आहे. सुमारे ३४,००० चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात रेडिओ प्रक्षेपणावर निर्बंध असून दुर्बिणीच्या निकट मोबाइल सेवा अत्यल्प आहे.

नोकरी करणारे प्रवासी म्हणूनच महत्त्वाच्या बैठकीच्या आदल्या दिवशी मुक्कामी पोहोचून जोडणी तपासतात, तसेच जवळच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयासारखी पर्यायी जागा हेरून ठेवतात.

आणीबाणीतील संपर्क

अमेरिकेत ९११ या क्रमांकावरील दूरध्वनी, उपलब्ध असेल त्या कोणत्याही सुसंगत मोबाइल जाळ्यावरून जाऊ शकतो; त्यासाठी त्या कंपनीचे ग्राहक असण्याची अट नाही. कोणतेच जाळे नसेल तेथे उपग्रहाद्वारे लघुसंदेश पाठविणारी उपकरणे उपयोगी पडतात. आयफोन १४ मध्ये अशी आणीबाणीची सोय नोव्हेंबर २०२२ पासून अमेरिका व कॅनडात उपलब्ध झाली. वणवा किंवा वादळ यांत मोबाइल मनोरेच बंद पडू शकतात. त्यामुळे छापील नकाशा व हवामानवार्तांचा रेडिओ संच आजही कालबाह्य ठरलेले नाहीत.

इतर देश

युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून सदस्य देशांत प्रवास करताना मोबाइल वापरावरील अतिरिक्त आकार रद्द झाल्याने कॅरॅव्हॅनधारकांची मोठी सोय झाली. तथापि डेटाच्या वापरावर वाजवी मर्यादा असू शकते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनासाठी धोरण जाहीर केले. भारतात मोबाइल डेटा स्वस्त असला, तरी सह्याद्रीतील घाट व खोल दऱ्या यांमध्ये डोंगरांमुळे सिग्नल अडतो. देशांतर्गत प्रवासातही काही भेद आढळतात; उदाहरणार्थ, अन्य राज्यांतील प्रीपेड सिमकार्डे जम्मू-काश्मीर व लडाख येथे चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. अमेरिकेत नियमांच्या अधीन राहून वापरता येणारा सिग्नलवर्धक भारतात परवानाधारक दूरसंचार कंपन्यांव्यतिरिक्त कोणीही बाळगणे वा वापरणे बेकायदेशीर आहे. थुराया व इरिडियम यांसारखे उपग्रह फोन विनापरवानगी आणण्यासही मनाई आहे. परदेशातून अशी साधने घेऊन येणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे.